लेबलावर नसलेले गाव

गेल्या मे महिन्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शिलाई कारखान्यात मी तास-दीड तास बसलो होतो. जूनमध्ये शाळा उघडायच्या, त्यामुळे हंगाम ऐन भरात होता. ओव्हरलॉकची घरघर, काज-बटणाच्या यंत्राची टकटक, इस्त्रीची वाफ. आणि भिंतीशी बसून तयार शर्टांचे धागे कापणाऱ्या बाया. निळ्या चौकड्यांचा एक शर्ट उचलून मी कॉलर उलटून पाहिली. आत शाळेचे नाव, त्याखाली केरळातल्या एका दुकानाचे नाव आणि मापाचा आकडा. ज्या गावात तो कापला गेला, शिवला गेला, त्या गावाचा उल्लेख नव्हता. शेजारच्या मावशींना म्हटले, "ह्याच्यावर सोलापूरचं नाव नाही." त्या मान वर न करता म्हणाल्या, "नावाचं काय करायचंय सर? नग मोजून पैसे मिळत्यात."

उभी हयात इतिहास शिकवण्यात गेली, तरी या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही. दीडशे वर्षे देशाला कापड पुरवणाऱ्या गावाचे नाव त्याच्या कापडावर कधी होते आणि कधी नव्हते, त्याने कोणाचे काय साधले, हे शोधावेसे वाटले ते तेव्हापासून.

यंत्राच्या आधी माग होते. कोष्टी, साळी, मोमीन यांच्याबरोबर तेलंगणातून आलेले पद्मशाली, तोगटी आणि कुरहिनशेट्टी विणकर या शहरात पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणत आले. बहुतेकांचा माग घरात असला तरी सूत कारखानदाराचे, आणि विणलेले लुगडेही त्याच्याकडेच जायचे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४७ साली सोलापूरच्या विणकर समाजांची पाहणी प्रसिद्ध केली. अशी पाहणी झाली म्हणून निदान ते विणकर कागदावर तरी आले. लुगडे नेसणारीला ते कोणाच्या हातचे आहे हे कळायचा मार्ग नव्हता.

रेल्वे १८६० च्या सुमारास सोलापूरला पोहोचली. मुंबईत गिरणी काढलेल्या मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७७ मध्ये, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या ऐन काळात, सुरू झाली. लोकांच्या तोंडी ती पुढे 'जुनी मिल' झाली. मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या आणि गाव भोंग्यावर उठू-जेवू लागले. आज जिथे महापालिका होती-नांदती झाली, ती अप्पासाहेब वारदांची इंद्रभुवन ही इमारत त्याच गिरणीयुगाच्या वैभवाची खूण.

गिरणीच्या ताग्याच्या टोकाला छाप असे. पण तो छाप मालकाचा. माझ्या आजोबांनी आयुष्य एका गिरणीच्या साचेखात्यात घालवले. घरात मात्र त्या गिरणीचा एकही तागा आलेला कोणाला आठवत नाही; धोतरे पेठेतून मिळतील ती यायची.

गिरणीचे नाव सर्वांत दूर पोहोचले ते कापडामुळे नव्हे, खटल्यामुळे. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. गैरव्यवस्थेमुळे जीवनावश्यक मालाचे उत्पादन घटले आणि मोठी बेकारी ओढवली, हे त्याचे कारण. एका भागधारकाने, चिरंजितलाल चौधरी यांनी, सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांच्याकडे होता एक साधा शेअर. डिसेंबर १९५० मध्ये त्यांची याचिका तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने फेटाळली गेली. पण डिसेंबर १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाच्या बाजूने निकाल लागला. भरपाई न देता मालमत्तेचा ताबा घेता येणार नाही, असा त्याचा आशय. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते, त्यांत हा एक. कायद्याचा विद्यार्थी आजही 'सोलापूर मिल खटला' वाचतो. त्यात एका शेअरच्या धन्याचे नाव आहे. ज्यांच्या बेकारीसाठी वटहुकूम काढला, त्या कामगारांपैकी कोणाचेही नाव तिथे मला सापडले नाही.

चादरीची गोष्ट वेगळी. नऊवारीचे गिऱ्हाईक घटत गेले तसे सोलापूरचे माग चादरीकडे आणि टॉवेलकडे वळले. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. जॅकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी ठरायची. एका बाजूला जो रंग जमिनीचा, तोच उलट बाजूला नक्षीचा. अशी जाड, धुऊन धुऊन मऊ होणारी सुती चादर मराठी घरांत रुखवतापासून वसतिगृहाच्या वळकटीपर्यंत सगळीकडे गेली. पुलगम, चाटला ही तेलुगू आडनावे तिच्यामुळे मराठी घरांतले शब्द झाली. सोलापूरच्या वस्त्रोद्योगाला मालकापलीकडचे, गावाचे असे नाव पहिल्यांदा मिळाले ते इथे. दुकानात गिऱ्हाईक 'चादर दाखवा' म्हणत नसे, 'सोलापुरी दाखवा' म्हणे.

नाव मोठे झाले की त्याची नक्कल होते. पानिपतसारख्या केंद्रांतला स्वस्त माल 'सोलापुरी' म्हणून विकला जातो, ही इथल्या उत्पादकांची जुनी तक्रार. भौगोलिक निर्देशनाचा कायदा सप्टेंबर २००३ मध्ये अमलात आला आणि अगदी सुरुवातीच्या नोंदींमध्ये सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल यांची नोंद झाली. ही नोंद एका धन्याची नसते, मुलखाची असते, म्हणून तिचे मोल मी कमी मानत नाही. पण नाव कोणी वापरायचे एवढेच ती ठरवते. मागावर उभ्या असलेल्या माणसाला काय मिळायचे, याबद्दल ती काही बोलत नाही. नाव कायद्याने राखले गेले, तरी चादरीचे माग कमी होत गेले. टॉवेल परदेशी जाऊ लागले, आणि बाहेरच्या खरेदीदाराला माल हवा असतो तो त्याच्या स्वतःच्या लेबलाचा.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोठ्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबत गेले. त्या पोकळीत वाढला तो तयार कपड्यांचा, मुख्यतः गणवेशांचा धंदा. गंमत अशी की गणवेशाचे कापड सोलापूरचे नसते. पॅन्टचे बहुतेक कापड राजस्थानातल्या भिलवाड्याकडून येते. विणकरांच्या गावाने विणणे सोडून शिवणे धरले.

हे इथेच का जमले? मला तीन कारणे दिसतात. पहिले, विडी वळणाऱ्या आणि कांड्या भरणाऱ्या घरांतल्या बायकांना नगावर काम करायची सवय होती. दुसरे, मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू या चारही भाषा इथल्या बाजारात चालतात, त्यामुळे गुलबर्ग्याच्या किंवा हैदराबादच्या व्यापाऱ्याशी त्याच्याच बोलीत भाव ठरतो. तिसरे सर्वांत महत्त्वाचे. एका शाळेची तीनशे मुले घ्या. आठ-दहा मापे, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे, आणि एकेका मापाचे वीस-तीस नग. एवढ्यासाठी मोठी कंपनी आपले यंत्र हलवत नाही. छोटा कारखाना हलवतो. २०१७ साली इथल्या उत्पादक संघाने गणवेशांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा बऱ्याच सोलापूरकरांनाही आपल्या गल्लीत काय शिवले जाते हे पहिल्यांदा कळले.

पण उरलेली सोलापुरी चादर पुढच्या वर्षी विकता येते. एका शाळेचा उरलेला गणवेश दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हंगामाचा माल कापून, शिवून तयार होत आला होता. त्या शर्टांच्या थप्प्या मी स्वतः पाहिल्या आहेत. पुढे २०२४-२५ मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' ठरवून शिलाई महिला बचत गटांकडे देण्याचे धोरण आणले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेश घेण्याचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. दोन्ही निर्णयांच्या बाजूने बोलता येईल. मात्र असे निर्णय होतात तेव्हा चादरवाल्याला सांगायला स्वतःचे नाव असते. गणवेश शिवणाऱ्याला गिऱ्हाईक ओळखतच नाही, मग त्याच्या वतीने हट्ट कोण धरणार?

मावशींना द्यायचे उत्तर मला थोडेफार इथे सापडले. नग मोजून पैसे मिळतात ते काम असेतो. काम थांबले की हे काम आपले होते असे म्हणायला काहीतरी लागते. नाव त्यासाठी.

इतिहासाच्या माणसाची काळजी आणखी पुढची आहे. गिरणीने न्यायालयाचे कागद ठेवले, हातमागाने पाहणी-अहवाल, चादरीने नाव. गणवेश काय ठेवणार? तो वर्षभरात विटतो, फाटतो आणि घरात पायपुसणे होतो.

त्या दिवशी निघताना कारखान्याच्या मागच्या खोलीत भिंतभर खिळे दिसले. खिळ्यांना पुठ्ठ्याचे फर्मे अडकवलेले: बाही, कॉलर, खिसा, पाठ. प्रत्येकावर जाड पेनाने शाळेचे नाव, गाव आणि माप. लातूर, बिदर, नांदेड, गुंटूर. मालक म्हणाले, शाळेने गणवेश बदलला की जुने फर्मे रद्दीत जातात. मी म्हटले, रद्दीवाल्याला द्यायच्या आधी मला एक फोन करा. ते हसले, पण दिवाळीच्या आधी त्यांनी निरोप धाडला. आता माझ्या पुस्तकांच्या कपाटावर फर्म्यांचा एक गठ्ठा आहे. गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर मी त्या शाळांची नावे उतरवली, आणि सर्वांत वर लिहिले: शिवणार, सोलापूर.