गोव्याहून निघालेला गेंडा

१५१५ सालच्या जानेवारीत गोव्याहून एक पोर्तुगीज जहाज लिस्बनकडे निघाले. त्यात एक जिवंत गेंडा होता. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याने गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली होती. सुलतानाने परवानगी नाकारली आणि भेट म्हणून गेंडा दिला! आल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे धाडला. आफ्रिकेला वळसा घालून २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिला नव्हता.

त्याचे वर्णन आणि एक कच्चे रेखाटन जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे आल्ब्रेख्त ड्युरर या चित्रकाराकडे पोहोचले. ड्युररने गेंडा कधीच पाहिला नाही. तरी त्याच वर्षी त्याने त्याचे चित्र लाकडी ठशावरून छापले.

असा ठसा म्हणजे आपल्याकडच्या कापडछपाईच्या ठशाचाच भाऊ. फळीवर चित्र काढायचे, रेषा तेवढ्या उंच ठेवून भोवतालचे लाकूड कोरून टाकायचे आणि उंच भागाला शाई लावून कागद दाबायचा. छाप उलटा येतो. ड्युररच्या मूळ रेखाटनातला गेंडा डावीकडे पाहतो, छापातला उजवीकडे. ठशाची उंची खिळ्यांएवढी ठेवली की चित्र आणि मजकूर एकाच यंत्रावर निघतात, त्यामुळे अशी चित्रे स्वस्त पडत.

पण ठशाला करडा रंग ठाऊक नसतो. रेषा असते किंवा नसते. त्वचेचा खडबडीतपणा दाखवायचा तर रेघा, ठिपके, वर्तुळेच हवीत. भारतीय गेंड्याच्या कातडीला खरोखरच मोठ्या घड्या असतात आणि खांद्यांवर व मांड्यांवर गाठी असतात. ड्युररच्या चित्रात घड्यांचे झाले चिलखत, आणि पायांवर आले खवले. माझ्या मते यात कल्पनेइतकाच माध्यमाचाही हात आहे. मानेमागचे छोटे दुसरे शिंग मात्र माध्यमाच्या माथी मारता येणार नाही; भारतीय गेंड्याला शिंग एकच, नाकावर.

त्याच वर्षी हान्स बुर्कमायर यानेही गेंड्याचा ठसा केला. पुढचे पाय दोराने बांधलेले ते जनावर खऱ्या गेंड्याच्या अधिक जवळचे आहे. त्याची एकच प्रत आज ज्ञात आहे, ती व्हिएन्नात. ड्युररचा ठसा मात्र त्याच्या मृत्यूनंतरही, लाकडाला तडे गेले तरी छापला जात राहिला. १५५१ साली गेस्नरच्या प्राणिग्रंथाने तेच रूप घेतले आणि दुसरे शिंग विद्वानांच्या पुस्तकांत शिरले. पुढच्यांनी प्राणी पाहून नव्हे, चित्र पाहून चित्र काढले. १७४१ मध्ये बंगालमधून क्लारा नावाची गेंडी हॉलंडला पोहोचली आणि सुमारे सतरा वर्षे युरोपभर फिरवली गेली. तिला समोर पाहून काढलेली चित्रे आल्यावरच जुने रूप मागे पडू लागले.

मूळ गेंड्याला पुढे राजाने पोपकडे पाठवले. १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ ते जहाज बुडाले. गेंडा पोहण्यात पटाईत असतो, पण हा साखळदंडाने जखडलेला होता.

वर्गात हा प्रयोग सहज जमेल. नवी मुंबईच्या खाडीकाठी दर वर्षी रोहित पक्षी येतात. एका विद्यार्थ्याने पक्षी नीट पाहून वर्णन लिहावे, दुसऱ्याने केवळ त्यावरून अर्ध्या बटाट्यावर ठसा कोरावा, तिसऱ्याने तो छाप पाहून नवा ठसा करावा. मग तिन्ही कागद घेऊन खाडीवर जावे आणि चोच कोणत्या टप्प्यावर बिघडली ते मुलांनाच शोधू द्यावे.