कोरी तबकडी धुवायची का?

मंडळी, नातवंडांच्या पिढीला तबकड्यांचं पुन्हा वेड लागलंय. 2024 पासून तर मुंबईजवळ त्या नव्याने छापल्याही जाताहेत. साहजिकच "आजोबा, कोरी तबकडी वाजवण्याआधी धुवायची का?" हा प्रश्न आमच्या घरात आला. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल. मास्तरकीची सवय, चालवून घ्या!

1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं, पण तबकड्या छापल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. गंमत अशी, की तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः हिंदुस्थानातूनच जाई. म्हणजे आपल्या पळस-बोरींवरची लाख बोटीने जायची आणि गाणं होऊन परत यायची! 1908 साली कलकत्त्यात कारखाना निघाला, तेव्हा हा हेलपाटा वाचला. त्या लाखेत दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळत. तिच्यावर घासून पोलादी सुई खाचेच्या मापाची होई, म्हणून तर दर बाजूला सुई बदलायची. अशा खरखरीत कारभारात धुळीच्या कणाला कोण विचारतो? फडकं फिरवलं, किल्ली दिली, झालं.

प्रश्न खरा सुरू झाला तो 1948 नंतर. अमेरिकेत कोलंबियाने व्हिनाइलची एलपी आणली. तिची खाच फार बारीक, आणि आजच्या सुईचा भार जेमतेम दोन ग्रॅम. शिवाय व्हिनाइलवर स्थिर वीज साचते. पाकिटातून काढता काढताच कागदाची कूस ओढून घेते. कारखान्यात कडेचा जादा भाग कापतात, त्याचेही कण कधी राहतात. तेव्हा कोरी म्हणजे स्वच्छ, असं नव्हे. तरी सरसकट न्हाऊ घालायची गरज नाही, असं माझं मत. उजेडात तिरपी धरून पाहावी, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने झटकावी. तरीही कटकट आली तर डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा एखादा थेंब. लेबल मात्र कोरडं ठेवून.

पण बाजारात मिळणाऱ्या काही द्रावणांत स्पिरिट असतं. आमच्या खडकीतला सुतार चपडी लाख कशात विरघळवून पॉलिश करतो? स्पिरिटमध्येच! वडिलांच्या संग्रहातले बालगंधर्व लाखेचे आहेत, आणि ते पुन्हा छापून मिळणार नाहीत.

ती पेटी सध्या माझ्याकडेच आहे. ज्याला ऐकायची हौस असेल त्याने जरूर न्यावी, बाटली मात्र इथे ठेवून जावं.