गलीम कोणाची?

पावसाळा सरता सरता आम्ही नववीची मुले घेऊन आहुप्याला गेलो होतो. देवराईपाशी कोकणकड्यावरून धुके वर आले आणि दहा पावलांवरचा मुलगा दिसेना. त्या धुक्यातून कोणीतरी मोगॅम्बोचा आवाज काढला, मग सगळीच पोरे 'मिस्टर इंडिया' झाली. परतताना एकाने विचारले, "सर, ह्याचा दुसरा भाग का नाही आला?"

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला अदृश्य नायकाचे नवल नाही. अमीर हमजाच्या दास्तानीत अमर अय्यारकडे एक गलीम आहे, ती अंगावर घेतली की तो कोणाला दिसत नाही. मुंबईच्या सिनेमाने गलीम टाकली आणि प्रयोगशाळा आणली. १९५७ साली नानाभाई भट्ट यांचा 'मिस्टर एक्स' आला, त्यात अशोक कुमार होते. १९६४ साली किशोर कुमारचा 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' आला. १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'त शास्त्रज्ञ बापाने बनवलेले यंत्र मुलाच्या मनगटावर आले, आणि लाल प्रकाशात तो दिसू लागला. एवढी एक अट घातली म्हणून तर गोष्टीत जीव आला.

ही गोष्ट लिहिली सलीम-जावेद या जोडीने. दोघे तोवर वेगळे झाले होते. जोडनावाने आलेला त्यांचा हा शेवटचा सिनेमा. १९७३ साली 'जंजीर'च्या पोस्टरांवर लेखकाचे नाव नव्हते, तेव्हा याच दोघांनी रंगारी लावून मुंबईभर ते रंगवून घेतले होते. त्या काळी लेखक हाच खरा अदृश्य माणूस होता, असे आम्हांला वाटते.

फेब्रुवारी २०२० मध्ये अली अब्बास जफर आणि झी स्टुडिओज यांनी 'मिस्टर इंडिया'च्या त्रयीची घोषणा केली. मूळ दिग्दर्शक शेखर कपूर यांनी जाहीरपणे म्हटले की, आम्हांला कोणी विचारलेले नाही. नायक अनिल कपूर यांनाही कळवले नव्हते, असे त्यांच्या मुलीने, सोनम कपूरने लिहिले. वाद एवढ्यावर थांबला असता तर तो नेहमीचाच होता. पण जावेद अख्तर यांनी शेखर कपूरनाच उलट विचारले : कथा, प्रसंग, संवाद, अगदी नावसुद्धा तुमचे नव्हते, मग हक्क तुमचा कसा?

प्रश्न बोचरा आहे. आणि कायदा तिसऱ्याच्याच बाजूने उभा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाचे त्यात नाव नाही. कथेचा कर्ता लेखक खरा, पण करारावर सही केली की तोही बाहेर. २०१२ च्या दुरुस्तीने लेखक-गीतकारांना सिनेमागृहातले प्रदर्शन सोडून इतर वापराच्या रॉयल्टीत वाटा मिळाला, आणि तो त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही असे ठरले. राज्यसभेत त्यासाठी झगडले ते जावेद अख्तरच. तरी पुढचा भाग काढायचा की नाही, कोणाकडून काढायचा, हे हक्क ज्याच्या हाती तोच ठरवणार. स्टुडिओ आधी घोषणा करतात आणि माणसांना मागाहून विचारतात, ते याच बळावर. २०२० नंतर पाच वर्षे उलटली, तरी त्रयीतला एकही भाग पडद्यावर आला नाही.

आमच्या दास्तानीचेही असेच झाले होते, हे मुलांना सांगितले. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा' छापायला घेतले. पहिल्या चार जिल्दी मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिल्या. मग ते बाजूला झाले आणि पुढच्या अहमद हुसैन क़मर यांनी. छापखाना तोच, तिलिस्मही तेच.

बस घाट उतरू लागली होती. मागच्या बाकावरचा तो मुलगा पुन्हा म्हणाला, "म्हणजे सर, ज्यांनी सिनेमा काढला ते शेखर कपूर कायद्यात कुठेच नाहीत?"

नाहीत, आम्ही म्हणालो.

"मग मिस्टर इंडिया तेच की!"