मोठे ब्रेक तर बसवले, आता त्यावरून रिम जाईल का?

गाडीच्या नादाला कोल्हापुरात तोटा नाही. रेसिंगमधले ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक इथलेच. त्यात करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा असे उतरते घाट जवळ. चार जण आणि भरलेली डिकी घेऊन कोकणात उतरताना ब्रेकचा जळका वास एकदा आला की पोरं मोबाईलवर मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर शोधायला लागतात. मला येणारे प्रश्न मात्र त्याच्या पुढचे असतात: "ब्रेक किट घेतलं, आता कोणतं मॅगव्हील बसेल?"

खरं तर हा प्रश्न किट घ्यायच्या आधी पडायला हवा. कारण रिमवर लिहिलेल्या इंचावरून याचं उत्तर मिळत नाही.

इंच कुठले मोजतात?

१५ इंची रिम म्हणजे साधारण ३८१ मिलिमीटर. पण हे माप टायरची कड जिथे बसते तिथलं आहे. कॅलिपर असतो रिमच्या पोटात. तिथे धातूची जाडी वजा होते, शिवाय टायर चढवता यावा म्हणून रिमच्या मध्ये एक खोलगट घळ दिलेली असते, ती आतून आणखी जागा खाते. ही घळ किती खोल आणि नेमकी कुठे, हे प्रत्येक डिझाइनमध्ये वेगळं. म्हणून दोन १५ इंची रिमांच्या पोटातली जागा सारखीच असेल असं समजू नका.

दुसरीकडे, ३१२ मिमीची डिस्क म्हणजे ब्रेकची उंची ३१२ मिमी नव्हे. कॅलिपर डिस्कच्या कडेवरून पलीकडे जातो. डिस्कची त्रिज्या १५६ मिमी, त्यावर कॅलिपरची पाठ समजा २२ मिमी. म्हणजे केंद्रापासून १७८ मिमी. दुप्पट केलं तर ३५६. हे १५ इंची रिमच्या पोटात मावणं जवळपास अशक्य. फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांमध्ये यावरूनच एक ठोकताळा पडलाय: २८८ मिमीची डिस्क बहुतेक १५ इंची रिममध्ये जाते, ३१२ला १६ इंच लागतात. ३३० च्या आसपास गेलात तर १७ आणि ३५५ला १८ धरून चाला. हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे, यावर पैसे भरू नका.

अडतं ते स्पोकला

बहुतेक लोक वरची जागा बघतात आणि बाजूची विसरतात. कंपनीच्या साध्या गाडीत फ्लोटिंग कॅलिपर असतो. त्याचा पिस्टन फक्त आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूला नुसता पंजा. चार पिस्टनच्या फिक्स्ड कॅलिपरला दोन्ही बाजूंना पिस्टन असतात, त्यामुळे तो स्पोकच्या दिशेने बराच बाहेर येतो. वरून बोटभर जागा असूनही रिम हबवर टेकतच नाही, कारण स्पोकची पाठ कॅलिपरवर जाऊन बसते.

इथे लोक ऑफसेटचा आकडा काढतात. रिमच्या आत ईटी ३५, ईटी ४० असं कोरलेलं असतं. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतलं मिलिमीटरमधलं अंतर ते हे. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं. पण स्पोकची पाठ कशी वळलीये, हे ऑफसेट सांगत नाही. एकाच मापाच्या, एकाच ईटीच्या दोन रिम घ्या. एकीचे स्पोक हबपासून लगेच बाहेर झेपावतात, दुसरीचे सपाट किंवा आत खोल गेलेले. पहिली कॅलिपरवरून आरामात जाईल, दुसरी घासेल. इन्स्टाग्रामवर नाद खुळा दिसणारी खोलगट कॉन्केव्ह डिझाइन्स इथेच दगा देतात.

म्हणून दुकानदाराला "ईटी किती?" याच्यासोबत विचारा: हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून स्पोकच्या पाठीपर्यंत, कॅलिपर येतो त्या उंचीवर, किती खोली आहे? त्याला सांगता नाही आलं तर स्वतः मोजा. रिम तोंडावर पालथी ठेवा, हबच्या जागेवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून खाली स्पोकपर्यंत व्हर्नियरने मोजा. तसंच गाडीवर: डिस्कच्या मधल्या टोपीवर पट्टी टेकवून कॅलिपर तिच्या किती पुढे आलाय ते बघा. कॅलिपर ४२ मिमी पुढे असेल तर रिमची खोली निदान ४५ हवी. वर आणि बाजूला, दोन्हीकडे किमान ३ मिमी मोकळे ठेवा. वळणावर चाक आणि हब थोडे वाकतात, मध्ये खडा अडकतो. कागदावर बसतंय म्हणून चालत नाही.

पुठ्ठ्याचा पॅटर्न

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे पॅटर्न म्हणजे काय हे इथे समजवावं लागत नाही. ओतकामाआधी जसा पॅटर्न, तसा खरेदीआधी ब्रेकचा. चांगल्या ब्रेक किट कंपन्या आपल्या कॅलिपरचा खऱ्या मापाचा आराखडा पीडीएफमध्ये देतात. तो डाउनलोड करा, प्रिंट काढा, पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि पालथ्या रिममध्ये हबच्या केंद्रावर धरून पूर्ण गोल फिरवून बघा. कुठे टेकतो ते लगेच दिसतं.

एक सावधगिरी. मोबाईलवरून प्रिंट देताना पान कागदात मावण्यासाठी आपोआप लहान होतं. ती सेटिंग बंद करून १०० टक्क्यांवर प्रिंट काढा, आणि आराखड्यावरची मापाची रेघ खऱ्या पट्टीने तपासा. तीन टक्के आक्रसलेला आराखडा १७८ मिमीच्या जागी १७३ दाखवतो. पाच मिमी इथे फार झाले.

ब्रेक आधीच बसवलेले असतील तर आणखी सोपा उपाय आहे: पोरांची खेळायची माती. कॅलिपरच्या सगळ्यात बाहेर आलेल्या कोपऱ्यांवर तिचे गोळे चिकटवा, टायर नसलेली रिम हाताने चढवा, दोन नट हलके आवळा आणि रिम सावकाश फिरवा. काढल्यावर माती जिथे सगळ्यात जास्त दबली असेल तिथे कापून जाडी मोजा. तीच तुमची मोकळी जागा. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून, स्पोकमधून मोबाईलचा टॉर्च मारून आतला बॉल जॉइंट आणि टायरॉड रिमपासून लांब आहेत का तेही बघून घ्या.

आता एक बारीक गोष्ट, जी फिटरसुद्धा सांगत नाहीत. फ्लोटिंग कॅलिपरचे पॅड झिजतात तसा त्याचा बाहेरचा पंजा आत सरकत जातो. म्हणजे जुन्या पॅडवर जेमतेम बसलेली रिम नवे पॅड टाकल्यावर घासू शकते. माप नेहमी नव्या पॅडवर घ्या. फिक्स्ड कॅलिपरला हा त्रास नाही.

बॅलन्सिंगवाल्याकडेही लक्ष ठेवा. रिमच्या आत चिकटवायची वजनं चारेक मिलिमीटर जाड असतात. ती नेमकी कॅलिपरच्या समोर चिकटवली तर तुमच्या ३ मिमीचा हिशेब संपला. जागा आधी खडूने आखून द्या.

स्पेसर टाकू का?

३-५ मिमीचा स्पेसर टाकून काम भागवणारे बरेच. तो वाईटच असतो असं नाही, पण त्याने फक्त बाजूची जागा वाढते, वरची एक केसभरही नाही. आणि जितका स्पेसर जाड तितके आटे कमी धरतात. साधा नियम असा की बोल्टच्या जाडीइतकी पकड हवीच. मारुती स्विफ्टचा स्टड १२ मिमी, आटे १.२५चे, म्हणजे नट साडेनऊ-दहा फेरे बसायला हवा. पाच-सहा फेऱ्यांतच घट्ट लागला तर तो स्पेसर काढा.

पीसीडी आणि मधलं भोक यावर फार बोलत नाही, ते दुकानदाराला पाठ असतं. स्विफ्टला ४ बाय १०० आणि ५४.१, पोलोला ५ बाय १०० आणि ५७.१. भोक मोठं निघालं तर रिंग टाकून घ्या, नाहीतर हायवेवर स्टिअरिंग थरथरेल.

मग सरळ १७ इंच का नको?

कारण रस्ते आपले आहेत. स्विफ्टच्या १८५/६५ आर १५ टायरची भिंत १२० मिमी असते, एकूण उंची ६२१. त्याच उंचीत १९५/५५ आर १६ बसतो, भिंत १०७. २०५/४५ आर १७ घेतला तर भिंत ९२ मिमीवर येते. एका पावसाळ्यात रिमला वाक आला की बॅलन्सिंगचे फेरे सुरू. शिवाय लोड इंडेक्स बघा: ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. माझं मत स्पष्ट आहे. ब्रेकवरून सुरक्षित जाणारी सगळ्यात लहान रिम घ्या. घासत असेल म्हणून मोठी घ्यावी, दिसते म्हणून नको.

नुसता घाटातला वासच त्रास देत असेल तर आधी गिअर खाली घेऊन उतरा, चांगले पॅड टाका, ब्रेक ऑइल बदला. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ ला. पावसाळी हवेत ते पाणी शोषतंच. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं आणि रिम बदलायची वेळच येत नाही.

स्टेपनी

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि किट विकणारा याबद्दल चकार शब्द काढत नाही. मोठे ब्रेक पुढे बसले, चारही रिम १६ झाल्या, डिकीत मात्र जुनी १५ इंची लोखंडी स्टेपनी. पुढचं चाक पंक्चर झालं की ती तिथे चढतच नाही. गगनबावड्याच्या खाली, रात्री, पावसात हे कळणं म्हणजे अख्खं घर गाडीत बसवून टोइंगची वाट बघणं.

आजच घरी स्टेपनी पुढे चढवून बघा. नाही बसली तर दोन मार्ग. एक, त्याच मापाची पाचवी रिम घ्या. दोन, मागचं चांगलं चाक काढून पुढे लावा आणि स्टेपनी मागे. गाडी दोनदा जॅकवर घ्यावी लागते, म्हणून सपाट जागा शोधा. बोल्टचंही बघा: पोलोच्या लोखंडी रिमला गोल बुडाचे बोल्ट लागतात, बाहेरच्या बऱ्याच मॅगव्हीलना निमुळते. चुकीचा बोल्ट आवळला तरी धरत नाही. जुने पाच बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीजवळच ठेवा.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते, त्याच्या आत राहणं शहाणपणाचं. बदल विमा कंपनीला लेखी कळवा. रिमवर आयएसआय मार्क आहे का तेही बघा.

रिम चढल्यावर ५०-१०० किलोमीटर चालवा, नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. मग चाकं उतरवून कॅलिपरवर आणि स्पोकच्या पाठीवर चकाकणारा ओरखडा कुठे दिसतोय का ते बघा. दिसला तर ती रिम परत करा. कॅलिपर घासून जागा करून देणारे भेटतील, त्यांच्याकडे गाडी देऊ नका.