वाचनालयातला वाद्यवृंद

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोचली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६४ मध्ये, कल्याणात सार्वजनिक वाचनालय उघडले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी एक. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुढे गावोगावी रुजली. आपल्या भागात वाचनालय म्हणजे पुस्तकांची कपाटे आणि त्यांच्या जोडीला विनामूल्य व्याख्यान, असे समीकरणच झाले.

या व्याख्यानांतून इतिहास आला, संतसाहित्य आले, नाट्यसंगीत तर हक्काने आले. पाश्चात्त्य सिम्फनी मात्र क्वचितच आली. कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते : आपल्या कानाला त्याची सवय नाही. हे उत्तर इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे माझे मत आहे.

मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. तिथले कार्यक्रम कल्याणच्या कारकुनापर्यंत पोचले नसतील, पण तो नाद दुसऱ्या वाटेने घरात शिरला. गोव्यातील चर्चशाळांतून पोर्तुगीज काळापासून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवले जाई. ती मुले मोठी होऊन मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत बसली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागची वाद्ययोजना सेबास्टियन डिसोझा लिहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय राग आणि सिम्फनीचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यातून त्यांचे नाव घरोघरी नेले. पण ते नाव एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे, हे किती जणांना ठाऊक होते?

म्हणजे रेडिओवर गाणी ऐकणाऱ्या प्रत्येक घराने तंतुवाद्यांचा ताफा ऐकलेला आहे. उणीव आहे ती मराठीत उलगडून सांगणाऱ्याची.

मी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. गेली काही वर्षे ठाणे-डोंबिवलीतल्या छोट्या वाचनालयांत मी विनामूल्य श्रवणसत्रे घेतो. पहिली अडचण शब्दाचीच येते. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे गणेशोत्सवाच्या मांडवातला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम. म्हणून मी सुरुवात ‘छाया’ (१९६१) या चित्रपटातल्या तलत-लता यांच्या प्रसिद्ध युगलगीताने करतो. मग त्या सुरावटीचे मूळ, मोझार्टची १७८८ ची चाळिसावी सिम्फनी, लावतो. सभागृहात एकदम कुजबुज होते.

एकदा पेटी शिकलेले एक आजोबा म्हणाले, ‘‘अहो, चाल कळली. पण ती धरून ठेवायची सोडून हे लोक मोडतात कशाला?’’ प्रश्न अचूक होता. ख्यालात एकच राग हळूहळू खुलत जातो. इथे दोन सुरावटी समोरासमोर ठेवतात. पहिली मायनरमधली, अस्वस्थ. दुसरी मेजरमधली, जरा मोकळा श्वास देणारी. मधल्या भागात पहिलीचे तुकडे होतात आणि ते एका वाद्याकडून दुसऱ्याकडे, एका स्वरस्थानावरून दुसऱ्यावर फिरतात. शेवटी दोन्ही परततात, पण दुसरी आता मायनरमध्ये. दिलासा देणारीच चाल उदास होऊन आलेली असते. हे सांगून पुन्हा ऐकवले, तेव्हा आजोबा डोळे मिटून बसले आणि नेमक्या जागी त्यांनी हात वर केला.

२००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. उत्तम वाद्यवृंद आज मुंबईत आहे. परंतु कल्याणहून मुंबईचे शेवटचे स्थानक सुमारे ५४ किलोमीटरवर. तिकीट, प्रवास आणि परतीच्या रात्रीच्या लोकलचा हिशेब केला, की तो कार्यक्रम कोणासाठी आहे हे आपोआप ठरून जाते. ही दरी एखादे भाषण भरून काढणार नाही. पण ऐकायचे कसे हे एकदा कळले, तर घरच्या मोबाइलवरही सिम्फनी ऐकता येते.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. वाचक मात्र आता रोडावत आहेत. त्यांनी वर्षातली एक संध्याकाळ या संगीताला द्यावी. दोन बरे ध्वनिवर्धक आणि तासभर बोलणारा माणूस एवढे पुरते. त्या तासाला मोझार्टबरोबर डिसोझा आणि गोन्साल्विस यांचीही नावे घेतली जावीत. त्यांची वाद्ये आपण जन्मभर ऐकली. आता त्यांची नीट ओळख करून घ्यायला हवी.