ओतशाळेतील आमची माणसे

आमच्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत देणगीदारांची छायाचित्रे, गुणवंत विद्यार्थ्यांची यादी आणि दिवंगतांस श्रद्धांजली ही प्रतिवर्षी नियमाने येतात, व ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या घामातून यांपैकी पुष्कळ देणग्या उभ्या राहिल्या, त्या ओतशाळांतील कामगारांविषयी आजवर चार ओळीही छापल्या गेल्या नाहीत, ही उणीव आम्हांस बरेच दिवस बोचत होती. म्हणून यंदा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जन्म घालविलेल्या काही वृद्ध कारागिरांस आम्ही एकत्र बसविले आणि दोन संध्याकाळी त्यांचे बोलणे ऐकून घेतले. आपली नावे छापू नयेत, अशी त्यांचीच इच्छा असल्याने ती येथे दिलेली नाहीत.

लोखंडाचा कामगार म्हटला म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे जमशेदपूर उभे राहते. आमच्या करवीरचे लोखंड ते नव्हे. येथले ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड. सह्याद्रीच्या रानात एके काळी धावड लोक जांभ्या दगडातून लोखंड काढीत. ती विद्या एकोणिसाव्या शतकात लोपत गेली. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना वसविला व लोखंडी नांगर ओतण्यास आरंभ केला. पहिल्या महायुद्धात परदेशचे कच्चे बीड येईनासे झाले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या, निकामी तोफा वितळविण्यासाठी त्यांस दिल्या. तोफांचे नांगर झाले! ही हकीकत सांगताना आमच्या मंडळींपैकी एकाने मिश्कीलपणे विचारले, "त्या तोफा फोडल्या कुणी, हे कुठं लिहिलंय का?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. अखंड तोफ भट्टीत जात नाही; ती आधी फोडावी लागते, आणि फोडणाऱ्यांची नावे इतिहासात सहसा येत नाहीत.

कोल्हापुरात कारागिरीची परंपरा जुनीच होती. बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री घराण्यातले. त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा येथेच सिद्ध केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, हे सर्वश्रुत आहे. यंत्रोद्योगाच्या क्षेत्रात म्हादबा मेस्त्री यांचे नाव अद्यापि आदराने घेतले जाते. पंचगंगेच्या काठी ऊस वाढला, तसे चरक लागले. नदीचे पाणी उचलण्यास इंजिने लागली, तसे इंजिनांचे सुटे भाग लागले. शेतकऱ्याची निकड आणि मेस्त्रीचा हात यांतून उद्यमनगर वाढले. पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथे मोठ्या वसाहती झाल्या. त्यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत.

आम्हांस रमविले ते आतल्या कामाने. ओतकामाच्या दिवशी पहाटे भट्टीत लाकडे पेटवीत, त्यावर कोक, बीड आणि चुनखडीचे थर चढवीत, आणि दुपारी भाता सुरू होई. बाहेर काळ्या वाळूचे साचे रांगेने मांडलेले असत. आतील पोकळीसाठी लागणारे गाभे वाळूत साखर कारखान्याची मळी कालवून घडवीत व भाजून घेत. रस ओतला की मळी जळे आणि साऱ्या ओतशाळेत गुऱ्हाळासारखा वास सुटे. "घरी गेलो तरी कपड्याला करपलेल्या काकवीचा वास यायचा," असे एक वृद्ध म्हणाले, तेव्हा बाकीचे सारे एकदम हसले.

भट्टीवाल्यास उष्णतामापक ठाऊक नव्हते. रसाचा रंग आणि उडणाऱ्या ठिणग्या पाहून तो पहारीने भोक फोडी, आणि पात्र भरले की मातीच्या गोळ्याने ते बुजवी. साच्यात ओल राहिली तर वाफ कोंडून रस उसळे. अशाच एका उसळीत एका सोबत्याचा डोळा गेला. त्या कारखान्याचे नाव आम्ही लिहीत नाही. मालकाने दवाखान्याचा खर्च दिला आणि पुढच्या महिन्यात त्यास पहारेकरी केले, एवढेच कळले. ओतीव वस्तू घासून साफ करणाऱ्यांची दशा याहून बिकट. त्यांच्या छातीत वाळूची बारीक धूळ बसे, खोकला लागे, आणि त्यास क्षय समजून उपचार होत.

नमुने करणाऱ्या सुतार मेस्त्रीची पट्टी वेगळी असे. बीड थिजताना फुटामागे सुमारे अष्टमांश इंच आकसते, म्हणून तितके वाढविलेले माप त्या पट्टीवर असते. अशी एक पट्टी नातवाने शाळेत नेली आणि भूमितीची सारी उत्तरे चुकविली, ही गोष्ट सांगताना आजोबांस कोण अभिमान वाटत होता!

आता एक अवघड गोष्ट. रसाचे मोठे पात्र चौघे मिळून उचलीत. चौघांची पावले एक पडली पाहिजेत. एकाचा तोल गेला तर चौघेही भाजणार. या चौघांत आपल्या ज्ञातीचा एखादाच असे. बाकीचे मराठा, मुसलमान, दलित. सर्वांत वयोवृद्ध गृहस्थ थोडे थांबून म्हणाले, "पात्राची दांडी एक होती, पण पाण्याचा तांब्या आम्ही त्याला वरूनच ओतायचो. आणि तो काही बोलायचा नाही." शाहू महाराजांनी सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने यांतील अस्पृश्यता बंद करण्याचे हुकूम १९१९ सालीच काढले होते. त्यानंतर कित्येक दशकांनी, त्याच नगरीत, हे चालले होते. आणि ते आपल्याच माणसांकडून. हा मजकूर ज्ञातीच्या स्मरणिकेत नको, असे संपादक मंडळातील दोघांचे मत पडले. आम्ही तो ठेवला आहे. ज्यांनी सांगितले त्यांनी तो ठेवण्यास सांगितले होते.

त्या गृहस्थांजवळ एक जुने छायाचित्र आहे. भट्टीपुढे अकरा माणसे उभी आहेत; कपाळाला फडकी, पायांत काही नाही. सातांची नावे त्यांस आठवली, पैकी तिघे आपले. उरलेल्या चौघांत तो पात्राची दांडी धरणारा सोबतीही आहे. त्यास सारे टोपणनावाने हाक मारीत, खरे नाव कोणी विचारलेच नाही.

छायाचित्र संस्थेच्या कार्यालयात ठेवले आहे. ज्ञातीतील वा ज्ञातीबाहेरील ज्या कोणास त्यातील चेहरे ओळखू येतील, त्यांनी येऊन पाहावे व नावे कळवावीत. ती पुढील अंकी सर्वांची एकत्र छापू.