हिंवाळ्याचें ऋण

हिंवाळा आला कीं शहरांतील माणसाला शाल आठवते, वाफाळणारा चहा आठवतो आणि सकाळचें कोवळें ऊन आठवतें. हें सुख खरें आहे. त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासांत हिंवाळ्याचा आनंद केवळ उबेचा नाहीं. तो भरल्या शेताचा आनंद आहे, आणि ज्या भूमीनें तें शेत भरलें तिचें ऋण मान्य करण्याचा आनंद आहे. या ऋणाची कथा फार जुनी आहे. मध्यंतरीं एकदां तिचा धागा तुटण्याची वेळ आली होती. ती वेळ लक्षांत घेतल्यावांचून त्या आनंदाची किंमत कळत नाहीं.

मार्गशीर्षाचें जुनें नांव अग्रहायण. हायन म्हणजे वर्ष. म्हणजे एके काळीं वर्षाचा आरंभ या महिन्यापासून मोजला जात असे. गीतेंतहि सर्व महिन्यांमध्यें अग्रमान मिळाला आहे तो मार्गशीर्षालाच. या महिन्याच्या पौर्णिमेस करावयाचा एक विधि गृह्यसूत्रांत सांगितला आहे. त्याचें नांव प्रत्यवरोहण, म्हणजे पुन्हां खालीं उतरणें. पावसाळ्यांत सापांचें भय असे, म्हणून श्रावणी पौर्णिमेपासून सर्पांना बलि देत आणि घरांतील माणसें उंच मंचकांवर निजत. मार्गशीर्षांत भूमि कोरडी होई, भय सरे. मग घर झाडून-सारवून स्वच्छ करावयाचें, जमिनीवर गवताचें आंथरूण घालावयाचें आणि वडीलधाऱ्यांपासून लहानांपर्यंत सर्वांनीं क्रमानें त्यावर उतरावयाचें. भूमीनें आपणांस सुखानें धारण करावें अशी प्रार्थना त्या वेळीं म्हणत. चार महिने दुरावलेल्या मातेच्या मांडीवर लेकरें परत येतात, असाच हा प्रसंग आहे. त्याच सूत्रकारांनीं आग्रयण नांवाचा दुसराहि विधि सांगितला आहे. नवें धान्य घरीं आलें तरी देवांस अर्पण केल्यावांचून तें खावयाचें नाहीं, हें त्याचें सार. आधीं उपकाराचें स्मरण आणि मागाहून उपभोग, हा क्रम त्यांनीं घालून दिला.

या सूत्रांशीं आजच्या एखाद्या सणाचा थेट वंश जोडणें धाडसाचें होईल. तथापि त्यांतील भाव अजून जिवंत पाहावयाचा असेल तर मार्गशीर्षाच्या अवसेला लातूर किंवा धाराशिव या जिल्ह्यांत जावें. त्या भागांत आणि सोलापुराकडील कांहीं गांवांत या दिवशीं वेळ अमावस्या असते. बोलण्यांत तिला येळवस म्हणतात. पलीकडे कानडी मुलुखांत हीच एळ्ळ अमावस्या. कानडींत एळ्ळु म्हणजे तीळ. या दिवशीं शहरांचे रस्ते ओस पडतात आणि शिवारें माणसांनीं फुलतात. शेतांत कडब्याची कोप उभारतात. तींत पांच दगड मांडून त्यांना पांडव मानतात व भूमातेबरोबर त्यांची पूजा करतात. बाजरीचे उंडे, अनेक शेंगांची व भाज्यांची मिळून केलेली भज्जी आणि मडक्यांतील आंबील असा नैवेद्य असतो. आंबील पिकांवरून शिंपडीत शेताला फेरी घालतात. नंतर पंगत बसते. ज्याचें शेत नाहीं त्याला आवर्जून बोलावणें जातें, आणि वाटेनें जाणाऱ्या अनोळखी माणसालाहि जेवल्यावांचून पुढें जाऊं देत नाहींत.

हा सण नेमका याच वेळीं कां यावा, याचें उत्तर त्या काळ्या जमिनींत आहे. रब्बीची ज्वारी पावसाळ्याच्या अखेरीस पेरतात. पुढें तिला पाऊस असा फारसा मिळत नाहीं. काळ्या मातीनें पोटांत सांठवून ठेवलेली ओल आणि पहांटेचें दहिवर यांवर ती वाढते. वेळ अमावस्येच्या सुमारास ज्वारी पोटऱ्यांत असते किंवा निसवत असते आणि हरभऱ्याला घाटे धरूं लागतात. पीक अजून हातीं आलेलें नसतें. हुरड्याला अवकाश असतो, खळें तर दूरच. म्हणजे हे आभार मिळालेल्या धान्याबद्दल नव्हेत; तें देण्यासाठीं भूमि जें सोसते आहे त्याबद्दल आहेत. कृतज्ञतेचा याहून शुद्ध प्रकार सांपडणें कठीण.

परंतु ती ओलच नसली तर काय होतें, हें १८७६ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं दख्खनांत पावसानें दगा दिला. सोलापूर, कलादगी या भागांत खरीप करपलें आणि कोरड्या जमिनींत रब्बीचा पेरा साधला नाहीं. जे हात हिंवाळ्यांत हुरडा भाजावयाचे, ते रस्त्यांच्या कामावर खडी फोडूं लागले. हिंदुस्थान सरकारनें पाहणीसाठीं सर रिचर्ड टेंपल यांस पाठविलें होतें. मजुरी शक्य तितकी कमी असावी असें त्यांचें मत होतें. १८७७ च्या जानेवारींत, म्हणजे ऐन संक्रांतीच्या महिन्यांत, मोठ्या माणसाच्या मजुरीचा हिशेब दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे असा ठरला. एक पौंड म्हणजे सुमारें अर्धा शेर. दिवसभर दगड फोडणाऱ्याला एवढ्यावर जगावयाचें होतें. पुष्कळ मजुरांनीं हें नाकारलें आणि ते काम सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू घेतली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते या सभेचे प्रमुख कार्यकर्ते. सभेनें गांवोगांवची हकीकत गोळा करून सरकारपुढें मांडली. त्याच वर्षीं टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले.

त्या हिंवाळ्यांत भूमीपुढें हात जोडूनहि पोट भरणार नव्हतें. निसर्गानें पाठ फिरविली तर माणसानें माणसाचें काय देणें लागतें, हा प्रश्न तेव्हां उभा राहिला. पुढें दुष्काळ-आयोग नेमला गेला, नियम झाले. पण प्रश्नाचें पुरें उत्तर मिळाळयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रावर कोसळला तेव्हां मे १९७३ मध्यें सुमारें ५० लक्ष माणसें सरकारी कामांवर होतीं. ग्रामीण भागांत जो काम मागेल त्याला काम दिलेंच पाहिजे, ही कल्पना विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं आग्रहानें मांडली होती. तिचाच पुढें महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ झाला आणि २६ जानेवारी १९७९ रोजीं तो अंमलांत आला. सरकारच्या मर्जीवर असलेली मदत आतां मागणाऱ्याचा हक्क झाली. या योजनेच्या खर्चासाठीं १९७५ सालीं व्यवसायकर बसविण्यांत आला. शहरांतील पगारदाराच्या वेतनांतून दरमहा कांहीं रुपये कापले जाऊं लागले, ते कोरड्या शिवारांतील मजुराच्या भाकरीसाठीं.

ज्यांच्या वेतनांतून हा कर कापला गेला त्यांपैकीं थोड्यांच्याच मनांत त्याचा हा अर्थ आला असेल. पगाराच्या कागदावरील ती एक कपात वाटली. वस्तुतः ती येळवसेच्या पंगतीचेंच एक रूप होती. शेतकरी अनोळखी वाटसरूला कोपींत बोलावून जेवूं घालतो. शहरानें न पाहिलेल्या मजुराच्या ताटांत आपला घांस घातला. एका कृतीला सण म्हणतात, दुसरीला कर म्हणतात, एवढाच भेद.

संक्रांतीला हातावर तिळगूळ पडतो तेव्हां तो तीळ कोणत्या तरी शेतांतून आलेला असतो आणि तो वेचणारे हात कोणाचे तरी असतात. सकाळच्या उन्हांत बसलेल्या माणसानें एवढें स्मरण ठेवलें तर त्याच्या सुखांत उणेपणा येत नाहीं. उलट तें ऊन त्याचें एकट्याचें राहत नाहीं, आणि म्हणूनच तें अधिक ऊबदार होतें.